फाईल पोचली, निरोप राहिला

भुईगावहून नालासोपाऱ्याकडे येणारा रस्ता पावसाळ्याच्या रात्री कसा असतो, हे तिथल्या माणसांना सांगायला नको. काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा, वय २८, दुसरी पाळी संपवून वसई पूर्वेहून दुचाकीने घरी येत होता. खड्डा चुकवताना गाडी घसरली. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. मेंदूला सूज आली आणि जीव वाचवण्यासाठी शल्यविशारदांना त्याच्या कवटीचा उजव्या बाजूचा तळहाताएवढा तुकडा काढावा लागला.

मुलगा वाचला. दोन महिन्यांत चालायला, बोलायला लागला. पण डोक्याच्या उजव्या बाजूला खोलगट खड्डा राहिला आणि त्या खड्ड्यात कातडीखाली मेंदूची धडधड दिसायची. काढलेलं हाड चुरडलं गेल्यामुळे परत बसवण्याजोगं नव्हतं. त्याची आई, म्हणजे आमची शेजारची वहिनी, मला दर रविवारी एकच प्रश्न विचारायची, "भाऊ, याच्या डोक्याला झाकण कधी बसणार?"

मी सरकारी रुग्णालयात मेडिसिनचा डॉक्टर. मेंदूची शस्त्रक्रिया हा माझा प्रांत नाही. पण गावातला डॉक्टर म्हटल्यावर कागदपत्रं घेऊन फिरण्याचं काम आपसूक अंगावर येतं. शल्यविशारदांनी सुचवलं की, रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून संगणकावर त्याच्याच मापाची टायटॅनियमची पट्टी बनवून घेता येईल. डावी बाजू शाबूत आहे. तिचं आरशातलं प्रतिबिंब घेतलं की उजव्या बाजूचा आकार मिळतो. नव्या स्कॅनची तारीख लांबची मिळत होती. जुन्या स्कॅनच्या चकत्या पुरेशा पातळ होत्या, म्हणून तोच वापरायचं ठरलं. सीडी मी माझ्या पिशवीत घातली आणि नालासोपाऱ्याहून लोकल पकडून मुंबईतल्या एका तरुण अभियंत्याकडे पोचवली.

सीडी देताना सीटी विभागातला टेक्निशियन मला म्हणाला होता, "सर, हा डोक्याचा नेहमीचा स्कॅन आहे, गॅन्ट्री थोडी तिरकी ठेवलीय. थ्रीडी मॉडेल करणार असतील तर त्यांना सांगा." मी मान हलवली. त्याचा अर्थ मला नीट कळला नव्हता आणि विचारायला संकोच वाटला. अभियंत्याला मी ते सांगितलं नाही. उलट, रुग्णाचं नाव बाहेर जायला नको म्हणून 'नाव तेवढं काढून टाका' असं मात्र आवर्जून सांगितलं.

पुढे सगळं शिस्तीत झालं. कवटीचं मॉडेल तयार झालं, पट्टीची रचना झाली, संगणकावर तिच्यावर भार टाकून ती वाकते का, स्क्रूपाशी ताण येतो का, हे तपासलं गेलं. प्लास्टिकची कवटी छापून तिच्यावर पट्टी बसवून पाहिली. अगदी चपखल बसली. मी स्वतः ती हातात घेऊन पाहिली आणि वहिनीला फोन करून सांगितलं की काम झालं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पट्टी बसली नाही. पुढची कड टेकली की मागच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट. मागची टेकवली की पुढची वर. अर्धा तास खटपट करून शल्यविशारदांनी ती बाजूला ठेवली आणि कित्येक दशकं चालत आलेल्या पद्धतीने हाडाचं सिमेंट मळून, त्याला हाताने आकार देऊन जागा भरली. ते सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून त्यावर सलाइन ओतत थांबावं लागतं. भूल दीड तास लांबली. बाहेर बाकड्यावर वहिनी बसली होती आणि तिला काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

मुलगा बरा झाला, हे आधीच सांगून टाकतो. आज तो कामावर आहे. पण त्या दीड तासाचा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

केळ्याचे तिरके काप

चूक कुठे झाली? सीटी स्कॅन म्हणजे शरीराच्या चकत्यांची चित्रं. ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा असा स्कॅन घेतला आणि १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. डोक्याचा स्कॅन घेताना डोळ्यांवर किरण कमी पडावेत म्हणून यंत्राची कमान, म्हणजे गॅन्ट्री, बऱ्याचदा थोडी तिरकी ठेवतात. त्यामुळे चकत्याही तिरक्या मिळतात.

आमच्या भुईगावच्या कुठल्याही घरात हा प्रयोग करून पाहता येईल. केळ्याचे तिरके काप करा आणि ते सरळ काप आहेत असं समजून एकावर एक उभे रचा. प्रत्येक काप बरोबर आहे, संख्या बरोबर आहे, पण रचून झालेलं केळं मूळ केळं राहत नाही. ते एका बाजूला कललेलं असतं. कल दहा अंशांचा असेल, तर सहा सेंटिमीटर उंचीत सुमारे एक सेंटिमीटरची सरक पडते. आमच्या कवटीचं नेमकं तेच झालं होतं.

कलाचा आकडा मूळ फाईलमध्ये लिहिलेला असतो. वैद्यकीय चित्रांसाठी जगभर डायकॉम नावाचं एक मानक आहे. १९८३ साली अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट आणि यंत्र बनवणारे उत्पादक एकत्र बसले, १९८५ साली पहिलं मानक आलं आणि १९९३ पासून ते डायकॉम या नावाने रूढ झालं. त्यातल्या प्रत्येक चित्रासोबत नाव, तारीख, चकतीची जाडी, बाजू, गॅन्ट्रीचा कल अशा नोंदी असतात. पण नाव पुसण्यासाठी जे मोफत सॉफ्टवेअर वापरलं गेलं, त्याने नावाबरोबर बाकीच्या नोंदीही पुसल्या. पुढच्या सॉफ्टवेअरला कल दिसला नाही, म्हणून त्याने तो शून्य धरला. ज्याला तोंडी माहीत होतं तो टेक्निशियन साखळीत पुढे नव्हता. आणि ज्याच्यावर निरोपाची जबाबदारी होती तो मी, गप्प राहिलो.

मग छापलेल्या कवटीवर पट्टी चपखल कशी बसली? कारण ती कवटीही त्याच कललेल्या फाईलमधून आली होती. पट्टी कललेली, कवटी कललेली, संगणकावरची ताणाची चाचणीही कललेल्या कवटीवरच. तीन ठिकाणी तपासणी झाली, पण तिन्ही ठिकाणी चूक एकच होती, म्हणून कोणालाच दिसली नाही. संगणकाने अगदी अचूक उत्तर दिलं होतं, फक्त ते अस्तित्वात नसलेल्या डोक्याचं होतं.

वालीवच्या वर्कशॉपमधला प्रश्न

बरं झाल्यावर मी त्या मुलाला हे सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, तो चिडेल. तो वालीवला एका डाय-मोल्डच्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसी मशीन चालवतो. शांतपणे ऐकून म्हणाला, "काका, आमच्याकडे फाईल आली की शेठ पहिला फोन करून विचारतात. मिलिमीटर की इंच, शून्य कुठल्या कोपऱ्यात धरलंय, मटेरियल कुठलं. न विचारता जॉब लावला आणि बाद झाला तर नुकसान आमचं. तुमच्याकडे असं कोणी विचारत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये प्लास्टिकच्या बादलीचा साचा बनवतानाही जो प्रश्न विचारला जातो, तो माणसाच्या कवटीसाठी आम्ही विचारला नव्हता.

मिलिमीटर की इंच हा प्रश्न त्याने उगाच काढला नाही. थ्रीडी छपाईसाठी जगभर सर्वाधिक चालणारी फाईल म्हणजे एसटीएल. १९८७ च्या सुमारास थ्रीडी छपाईच्या अगदी सुरुवातीच्या काळात ती आली. तिच्यात वस्तूचा पृष्ठभाग छोट्या छोट्या त्रिकोणांत मांडलेला असतो, आणि त्रिकोणांच्या टोकांचे आकडे. बस्स. ते आकडे मिलिमीटरचे की इंचाचे, याची तिच्यात नोंदच नसते. वस्तू कशाची, उजवी की डावी, हेही नसतं. बारा सेंटिमीटरची पट्टी चुकून २५.४ पटीने लहान झाली तर ती तुरीच्या डाळीएवढी होते. लगेच दिसते, लोक हसतात, सुधारतात. घात करतात त्या चुका वेगळ्या. चार-पाच टक्क्यांच्या, दहा अंशांच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या.

मोठ्यांच्याही ठेचा

हे केवळ आमच्यासारख्या नवख्यांचं होतं, असं नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी 'नासा'चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. एका कंपनीचं सॉफ्टवेअर रेट्याचे आकडे पौंडाच्या मापात देत होतं, ते वाचणारं दुसरं सॉफ्टवेअर ते न्यूटनच्या मापात आहेत असं धरून चाललं होतं. दोन्हींत साडेचार पटींच्या जवळपास फरक. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी बरोबर होती. मधला निरोप चुकला होता.

एअरबस ए३८० या अजस्र विमानाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे आणि फ्रान्समधल्या तुलूजचे अभियंते एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरत होते. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा. संगणकावर सगळं जुळत होतं. प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी तारा तोकड्या पडू लागल्या. २००६ साली हे उघड झालं आणि विमानाचं वेळापत्रक सुमारे दोन वर्षं मागे गेलं.

यातून अभियांत्रिकी जगाने धडे घेतले. वस्तूचा आकार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नीट जावा म्हणून 'स्टेप' हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ पासून प्रसिद्ध होऊ लागलं. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधली सिम्युलेशन मॉडेलं एकमेकांशी जोडता यावीत म्हणून २०१० साली 'एफएमआय' नावाचं मुक्त मानक आलं. ते मुख्यतः युरोपातल्या मोटार उद्योगाच्या गरजेतून जन्मलं. इंजिन एकाचं, ब्रेक दुसऱ्याचा, गिअर तिसऱ्याचा. तिघांची मॉडेलं एकत्र चालवल्याशिवाय गाडी कशी धावेल ते कळणार नाही, म्हणून प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांनाही एका पाटावर बसावं लागलं. मोटारीसाठी हे होऊ शकतं, तर गुडघ्यासाठी आणि कवटीसाठी का होऊ नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

भार कोणाचा धरला?

शरीरात बसवायच्या वस्तूंच्या बाबतीत आकार हा प्रश्नाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग म्हणजे भार. कृत्रिम सांधा किंवा पट्टी माणसात बसवण्याआधी संगणकावर तिचे हजारो बारीक तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो, हे काढतात. हाडांच्या अभ्यासात ही पद्धत १९७२ पासून वापरात आहे. पडद्यावर रंगीत चित्र येतं; लाल म्हणजे धोका, निळं-हिरवं म्हणजे ठीक. हिरवं चित्र पाहून आम्हा डॉक्टरांना हायसं वाटतं. पण त्या हिरव्या रंगाच्या पोटात कितीतरी गृहीतकं दडलेली असतात. हाड किती कडक धरलं? टायटॅनियम हे आपल्या टणक हाडापेक्षाही पाच-सहा पट ताठ असतं. धातूने सगळा भार उचलला तर शेजारचं हाड आळशी होऊन विरळ होतं. आणि मुख्य म्हणजे, माणूस काय करताना त्याच्यावर भार टाकला?

कृत्रिम गुडघ्याची झीज यंत्रावर तपासण्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते सपाट जमिनीवरच्या चालण्यावर बेतलेलं आहे. चालताना गुडघा साधारण साठ अंशांपर्यंत वाकतो. आमच्या भुईगावची बाई फुलांच्या वाडीत उकिडवी बसून तण काढते, देवळात किंवा चर्चमध्ये गुडघे टेकते, घरी मांडी घालून जेवते. तेव्हा गुडघा त्याच्या दुप्पट वाकतो. तिच्या गुडघ्याचं सिम्युलेशन करणाऱ्याला हे कोणी कळवलं? 'मांडी घालून बसू नका' हा सल्ला आम्ही डॉक्टर फार सहज देतो. कधीतरी उलट प्रश्न विचारायला हवा की, बसताच येणार नाही असा सांधा आपण का मान्य करतो?

भाराचे आकडे वाटून घेतले तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात गेऑर्ग बर्गमान यांच्या गटाने काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यांतच भार मोजणारी उपकरणं बसवली. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, हे त्यातून प्रत्यक्ष मोजलं गेलं. ही मोजमापं त्यांनी 'ऑर्थोलोड' या नावाने सगळ्यांसाठी खुली केली. आज जगभरातले अभियंते आपल्या सिम्युलेशनमध्ये तेच आकडे वापरतात. मूठभर रुग्णांनी दिलेलं दान लाखोंच्या उपयोगी पडतं आहे. आपल्याकडच्या उकिडव्या बसण्याचे, मांडीचे, डोक्यावर हंडा घेऊन चालण्याचे आकडे असेच खुले मिळाले, तर आपल्या माणसांसाठी सांधे बनवणाऱ्याला अंदाज करावा लागणार नाही.

आकडे उलट दिशेनेही वाहायला हवेत, रुग्णाकडून रचनाकाराकडे. धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा २००० नंतरच्या दशकात अनेक देशांत बसवला गेला. त्यातल्या बऱ्याच रुग्णांवर लवकरच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते आहे, हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेनोंदणीतून लक्षात आलं. तिथे तो २००९ च्या डिसेंबरमध्ये बाजारातून काढला गेला आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून परत मागवला. भारतातल्या रुग्णांच्या भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडावं लागलं. जिथे नोंद होती तिथे धोका आधी दिसला. यापेक्षा सोपा धडा कुठला?

आपल्याकडे सुरुवात आहे

महाराष्ट्रात याबाबत काहीच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने आधी 'ऑर्थोकॅड' आणि मग राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळाने 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं राहिलं. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्याच्याशी जोडली गेली. हाडाच्या कर्करोगात गुडघ्याजवळचं हाड काढावं लागलं तर पाय वाचवण्यासाठी लागणारा मोठा कृत्रिम सांधा देशात बनावा, म्हणून आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल रुग्णालय आणि हैदराबादचं धातुसंशोधन केंद्र यांनी एकत्र काम केलं. या कामात डॉक्टर आणि अभियंते एकाच टेबलाभोवती बसले. माझ्या मते यशाचं खरं कारण तेच.

पण प्रत्येक तालुक्यातला डॉक्टर त्या टेबलापर्यंत पोचू शकत नाही. त्याच्या हातात असते एक सीडी, आणि आजकाल पेनड्राइव्ह किंवा मोबाइलवर आलेली लिंक. थ्रीडी प्रिंटर आता छोट्या शहरांतही पोचले आहेत. यंत्र स्वस्त झालं, सॉफ्टवेअर सोपं झालं, पण मधला निरोप देण्याची पद्धत कोणी घालून दिलेली नाही.

आणि ही पद्धत आम्हा डॉक्टरांना नवी नाही. रुग्ण एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवताना आम्ही चिठ्ठी देतो. कोणतं औषध किती वाजता दिलं, कशाची ॲलर्जी आहे, कोणत्या बाजूला इजा आहे. चिठ्ठीशिवाय रुग्ण आला तर कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टर आरडाओरडा करतो, आणि तो बरोबरच असतो. मग चिठ्ठीशिवाय फाईल कशी चालते?

माझी सूचना एवढीच आहे. रुग्णाच्या शरीरासाठी काही बनवायला जाणाऱ्या प्रत्येक फाईलसोबत एक पानाची चिठ्ठी असावी. तिच्यात पाच गोष्टी: माप मिलिमीटरमध्ये आहे की आणखी कशात, उजवी-डावी कोणती, चकतीची जाडी किती आणि गॅन्ट्रीचा कल किती, मूळ चित्रात कोणी काय बदललं, म्हणजे गुळगुळीत केलं का, प्रतिबिंब घेतलं का, आणि ताणाच्या चाचणीत भार व साहित्याचे आकडे कोणी, कशावरून धरले. शेवटच्या ओळीत रुग्णाच्या अंगावर प्रत्यक्ष घेतलेली तीन मापं, एक आडवं, एक उभं, एक तिरकं. सीटीत त्वचाही दिसते, त्यामुळे संगणकावरच्या मॉडेलवर तीच मापं घेऊन पाहता येतात. आमच्या मुलाच्या नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतचं आणि कानापासून टाळूपर्यंतचं अंतर कोणी कॅलिपरने मोजलं असतं, तर कललेली कवटी त्याच दिवशी पकडली गेली असती. तपासणी साखळीच्या बाहेरून व्हावी लागते. साखळीच्या आत चूक स्वतःलाच बरोबर म्हणते.

एका कागदाने काय होणार, असं कोणी म्हणेल. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली, तेव्हाही लोक असंच म्हणाले होते. नाव विचारा, बाजू विचारा, बोळे मोजा. यात नवं काय? आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. माहीत असलेली गोष्ट वेळेवर मोठ्याने विचारणं, एवढंच त्या यादीने केलं.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप गुप्ततेचा. रुग्णाची माहिती बाहेर जाऊ नये, हे खरंच. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण नाव झाकणं आणि सगळंच पुसणं यात फरक आहे, हे मी अनुभवाने शिकलो. नाव, पत्ता, जन्मतारीख काढा. जाडी, कल, बाजू ठेवा. सुरक्षिततेच्या नावाखाली सुरक्षिततेसाठीच लागणारी माहिती पुसली जाणं, हे टाळता येण्याजोगं आहे.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. आमचं सिम्युलेशन हे आमचं व्यापारी गुपित, ते का दाखवायचं? याचं उत्तर मोटार उद्योगाने देऊन ठेवलं आहे. एफएमआय मानकात मॉडेल बंद डब्यासारखं देता येतं. आत काय आहे ते दिसत नाही, पण बाहेरून भार टाकून उत्तर तपासता येतं. पाककृती सांगू नका, पण पदार्थात शेंगदाणे आहेत की नाही, ते तर सांगाल?

तिसरा आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांचा, आणि तो सगळ्यात खरा आहे. सरकारी ओपीडीत एका रुग्णाला मोजकी मिनिटं मिळतात. त्यात आणखी एक फॉर्म? मान्य. म्हणून ही चिठ्ठी डॉक्टरने नाही, शक्य तितकी यंत्राने भरावी. जाडी आणि कल तर फाईलमध्ये आधीच आहेत. २०१८ पासून डायकॉम मानकात एसटीएल मॉडेलही सामावून घेण्याची सोय झाली आहे, म्हणजे रुग्णाची ओळख आणि माप त्याच्यासोबतच राहू शकतं. सरकारने नवं काही शोधायची गरज नाही. सरकारी रुग्णालयांसाठी यंत्रं आणि सॉफ्टवेअर विकत घेताना निविदेत एक अट घालावी: मुक्त मानकात, नोंदींसकट फाईल देता आली पाहिजे. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. त्या खात्यात अहवालाच्या कागदाबरोबर मूळ प्रतिमाही रुग्णाच्या हक्काची म्हणून असाव्यात, आणि शरीरात काही बसवलं असेल तर ते काय, कोणत्या मापाचं, कोणत्या गृहीतकांवर तपासलेलं, हेही असावं. वीस वर्षांनी त्याला पुन्हा शस्त्रक्रिया लागली, तर तेव्हाच्या डॉक्टरला अंधारात चाचपडावं लागू नये.

तोवर वाचकांनी काय करावं? तुमच्या घरात कोणावर असं काही बसवायचं असेल तर मूळ डायकॉम चित्रं मागून घ्या, नुसता छापील अहवाल आणि फिल्म नको. सीडी घरी आणल्यावर उघडते का ते पाहा आणि एक प्रत जपून ठेवा. डॉक्टरांना विचारा की, हे माझ्या मापावर तपासलं ते कोणी, आणि मी रोज जे करतो ते त्यात धरलं आहे का. उकिडवं बसत असाल तर तसं सांगा. असा प्रश्न विचारल्याने डॉक्टरचा अपमान होत नाही. झालाच तर तो डॉक्टरचा प्रश्न.

गेल्या महिन्यात मी त्या मुलाच्या घरी गेलो होतो. वहिनीने सुकेळी पुढे ठेवली. ती न बसलेली पट्टी त्याने मागून घेतली होती. ती आता त्यांच्या शोकेसमध्ये आहे. "जॉब बाद झाला, पण फिनिशिंग एक नंबर आहे, काका," असं तो हसत म्हणाला. मी ती हातात घेतली. खरंच सुरेख होती. एका न विचारलेल्या आणि एका न सांगितलेल्या वाक्यामुळे ती कुणाच्याच डोक्याची नव्हती.

आता सीटी विभागातून फाईल घेताना मी टेक्निशियनसमोर थांबतो आणि काही कळलं नाही तर कळलं नाही असं म्हणतो. पंचविशीत ते जमत नव्हतं. पन्नाशीत जमायला लागलं आहे.